इंजेक्शननं वजन उतरलं, मग बोट मागं का पडली?

मार्च २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड, ही भूक कमी करून वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली. तेव्हापासून माझ्याकडं येणाऱ्या खेळाडूंच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो. पळणारे विचारतात, सायकलवाले विचारतात, आयर्नमॅनची तयारी करणारे विचारतात: "मॅडम, आठवड्याला एक इंजेक्शन घेतलं आणि वजन उतरलं, तर मी जास्त वेगानं जाईन ना?" कोल्हापुरात वजनाचा विषय तालमीपासून रक्तात आहे, त्यामुळं प्रश्नाचं नवल वाटत नाही. पण उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून एका मुलीची गोष्ट सांगते. तिची आणि तिच्या आईची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर कसबा बावड्यातलं, दारात चार म्हशी. मुलगी राजाराम बंधाऱ्यावर पोहायला शिकली, उंचीमुळं पुण्यात कॉलेजला गेल्यावर रोइंगसाठी, म्हणजे वल्ह्यांच्या बोटींच्या शर्यतीसाठी, निवडली गेली. वय वीस. किंक्रांतीच्या दिवशी आई तिला घेऊन आली.

"मॅडम, माझं शुगरचं पेन चार आठवडं जातंय," आई म्हणाली. "दिवाळीत तीनच आठवड्यांत संपलं. मला वाटलं, मीच मोजायला चुकले."

मुलगी खुर्चीच्या टोकावर बसली होती. आईनं दिलेला तिळाचा लाडू तिनं घेतला आणि पाऊण तास तो मुठीतच धरला. निघताना तळहाताला तीळ चिकटलेले होते, लाडू अख्खाच्या अख्खा.

आईला बाहेर बसवलं, तेव्हा ती बोलायला लागली. पहिला डोस आईच्या पेनातला; आईला साखरेसाठी याच औषधांपैकी एक चालू होतं. पुढचे सहा-सात पुण्यात जिममधल्या ओळखीतून. कारण काय, तर हलक्या वजनगटातली दोघींची बोट. त्यात बायकांसाठी नियम असा की दोघींची सरासरी ५७ किलो हवी आणि एकीचंही वजन ५९ च्या वर नको. हिची जोडीदार ५५ ची, म्हणजे ही ५९ वर आलीच पाहिजे. दिवाळीआधी ही ६२.५ होती. वजन सगळ्यांसमोर, मोठ्यानं वाचलं जायचं.

"उतरलं की वजन," ती म्हणाली. "बरोबर ५९. पण मॅडम, एर्गवर टायमिंग बिघडलंय. मी आळशी झालेय का?"

तिनं मोबाइलमधले एर्गच्या, म्हणजे सरावाच्या रोइंग मशीनच्या, पडद्याचे दोन फोटो दाखवले. २००० मीटरला दिवाळीआधी ८ मिनिटं, जानेवारीत ८ मिनिटं १६ सेकंद. मी तिच्याच हातात पेन्सिल दिली. या मशीनवर वेळेवरून वॅट, म्हणजे ओढण्याची ताकद, काढायचं सूत्र प्रसिद्ध आहे. ८ मिनिटं म्हणजे सुमारे २०२ वॅट, ८:१६ म्हणजे १८४. वजनानं भागलं तर आधी किलोमागं ३.२४ होते, आता ३.११. हलकी झाल्यावर निदान किलोमागं तरी आकडा वाढायला हवा होता, तोही घसरला होता.

मग दुसरा हिशेब मांडला. चढावर पळणाऱ्याला प्रत्येक किलो स्वतः उचलावा लागतो. रोइंगमध्ये शरीर सरकत्या सीटवर असतं, भार पाणी तोलतं. वजन कमी झालं की बोट थोडी कमी बुडते आणि पाण्याचा अडथळा थोडा घटतो, एवढाच फायदा. वजनाच्या फरकासाठी मशीनच्या कंपनीनं दिलेलं सूत्र लावलं, तर साडेतीन किलोंचा फायदा सहा सेकंदांच्या आसपास येतो. सहा सेकंद कमावले, सोळा घालवले. ती त्या कागदाकडं बराच वेळ बघत राहिली. आळशीपणाचं ओझं तिथंच थोडं उतरलं, असं मला वाटलं.

सोळा सेकंद कुठं गेले, हे नीट सांगायला हवं. ही औषधं भूक मारतात आणि, विशेषतः सुरुवातीला, जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतात. दोन पोळ्यांत पोट भरतं, सकाळच्या सरावाआधी खाल्लेलं केळं वर येतं, पाणी प्यावंसं वाटत नाही. ज्याला खरोखर वजन उतरवायचं आहे त्याच्यासाठी हे वरदान आहे. पण दिवसाला दोन सराव करणाऱ्या मुलीचं इंधनच त्यामुळं बंद होतं. स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. साठा रिता झाला की काटा भराभर खाली येतो आणि आपण खूश होतो. प्रत्यक्षात २००० मीटर ज्यावर ओढायचे, तेच गेलेलं असतं.

स्नायूंचंही तेच. सेमाग्लुटाइडच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरलं. त्यात ज्यांच्या शरीराचं स्कॅन केलं होतं, त्यांच्या घटलेल्या वजनात ढोबळमानानं चाळीस टक्के वाटा चरबीचा नव्हता. टिर्झेपॅटाइडच्या चाचणीत हा वाटा पाव होता. आणि ही सगळी जास्त वजनाची माणसं होती, जाळायला चरबी असलेली. हिच्याकडं मुळातच चरबी थोडी. औषधाला कुठला किलो काढायचा ते सांगता येत नाही.

आणखी एक खूण तिनं सहज बोलता बोलता सांगितली. सकाळची नाडी ५२ ची ६० झाली होती, आणि ती ते जास्त सरावाच्या माथी मारत होती. या वर्गातल्या औषधांनी विश्रांतीची नाडी काही ठोक्यांनी वाढते, हे माहीत असलेलं आहे. नाडीवर सराव आखणाऱ्या खेळाडूचा सगळा अंदाज त्यानं चुकतो.

मी विचारायच्या आतच ती म्हणाली, "दोन महिने पाळी पण नाही." खेळाडूला मेहनतीच्या मानानं अन्न कमी पडलं की शरीर आधी अशीच कामं बंद करतं. पाळी थांबते, हाडं कमजोर होतात, दुखणी लांबतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये या अवस्थेला 'रेड-एस' असं नाव दिलं. तिला मी त्याच दिवशी फिजिशियनकडं आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडं पाठवलं. औषध, रक्ततपासण्या हे माझं काम नाही, आणि ते माझ्या खोलीत मिटवायचा प्रयत्न करणं चुकीचं झालं असतं.

"डोपिंगमध्ये सापडेन का?" हा प्रश्न तिनं सर्वांत हळू आवाजात विचारला. मी लिहितेय तोवर या औषधांवर बंदी नाही. मात्र सेमाग्लुटाइडचा वापर वाडानं, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं, २०२४ पासून निरीक्षणाखाली ठेवला आहे, आणि बंदीची यादी दर १ जानेवारीला नवी होते. खरा धोका ओळखीतून आलेल्या मालात आहे. वजनाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पुड्यांत सिब्युट्रामिन हे भूक मारणारं रसायन सापडतं, लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही असतात. ही दोन्ही बंदीच्या यादीत आहेत, आणि 'मला माहीत नव्हतं' हे तिथं चालत नाही. दुसऱ्याचं पेन तर सुई बदलूनही वापरायचं नसतं, त्यातून रक्ताचे संसर्ग जातात. घराघरांत फ्रिजच्या दारात ही पेनं आता दिसतात, म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

तरीही पहिल्या दोन भेटींत आम्ही इंजेक्शनभोवतीच फिरलो. तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "हे ५९ कुणाचं गं?" ती रडायला लागली. वजनाची अट नसलेल्या खुल्या गटात सहा-सहा फुटी मुली, तिथं आपल्याला कोण विचारणार, आणि बोट गेली तर पुण्यात राहायचं कशाला, परत बावड्यात म्हशींच्या मागं? इंजेक्शन त्या भीतीवर होतं. मी तिला सांगितलं की ऑलिंपिकमध्ये १९९६ ला आलेला हलका गट पॅरिस २०२४ नंतर बंद झाला. पुढं जायचं स्वप्न असेल, तर वाढत्या वयात ५९ ची चौकट सांभाळून ती कुठं पोचणार होती? तिला हे ठाऊक होतं. कुणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं होतं.

कोचशी मी बोलू का, असं विचारलं. नको म्हणाली, स्वतः बोलली. सरावाच्या आधी आणि नंतर काय खायचं ते आहारतज्ज्ञांनी ठरवून दिलं. गंगावेशच्या कट्ट्यावर आजोबांसोबत ताजं दूध प्यायची तिची लहानपणची सवय होती. ती या सुट्टीत पुन्हा सुरू झाली, ते आजोबांनी मला फोन करून कळवलं. त्यांना बाकी काही सांगितलेलं नाही.

इथं एक गैरसमज नको. परवा पंचेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ आले. वजन १०४, गुडघे दुखतात, रक्तदाब आहे, डॉक्टरांनीच हे औषध सुरू केलंय आणि त्यांना हाफ मॅरेथॉन पळायची आहे. त्यांना मी थांबवलं नाही. आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचला, प्रत्येक जेवणात प्रथिनं असू द्या, पाणी तहानेवर सोडू नका, डोस वाढेल त्या आठवड्यात लांब पळू नका आणि स्पर्धेची तारीख डॉक्टरांना आधी सांगा, एवढंच म्हटलं. त्यांच्यासाठी ते औषध आहे. तिच्या आईसाठीही आहे. माझ्यामुळं पोरीला नाद लागला, मी बंद करू का, असं ती माऊली विचारत होती. तिला निक्षून सांगितलं की साखरेचं औषध अपराधीपणानं बंद करायचं नसतं.

मार्चअखेर मुलीचा मेसेज आला. वजन ६१.८, एर्गवर ८:०३. पाळी आली आहे. अजून दिवसातून दोनदा काट्यावर उभी राहते, तेही तिनं लपवलं नाही, आणि त्यावर आमचं काम चालू आहे. खुल्या गटाच्या चौघींच्या बोटीत तिला तिसरी सीट मिळाली आहे, सध्या तरी चाचणीपुरती.