संस्थांचं वकीलपत्र घ्यायला निघालेली लेक

प्रश्न : मुलगी बारावी कला शाखेत आहे. आमच्या महिला मंडळाच्या आधीच्या कार्यकारिणीनं पदाधिकारी बदलल्याचा चेंज रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात दाखलच केला नव्हता. खजिनदार बाई वारून चार वर्षं झाली, तरी शेड्यूल वनवर, म्हणजे तिथल्या नोंदवहीत, त्यांचंच नाव आणि बँकेला सहीही त्यांचीच हवी. आता विलंब माफीचा अर्ज केलाय. हे सगळं बघून मुलगी म्हणते, वकील होऊन संस्था-संघटनांचंच काम करणार. घरचे म्हणतात, यात पैसा नाही, वर पोलिसांचा ससेमिरा. काय करावं?
— एक आई, बीड जिल्हा

ताई,

तुमच्या लेकीला दुखणं नेमकं दिसलंय. संघटना बांधण्याचं स्वातंत्र्य घटनेच्या कलम 19 मध्ये आहे, पण गावातल्या मंडळापुरतं ते टिकतं की नाही, हे खजिनदाराच्या सहीवर ठरतं. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, हेच कितीतरी मंडळांना ठाऊक नसतं.

आधी पोटापाण्याचं. आपल्या राज्यात संस्था 1860 च्या कायद्यानं नोंदवली तरी 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली पुन्हा नोंदवावी लागते. वाचनालय, शाळा, देवस्थान, मंडळ, सगळी त्यात आली. संस्थेच्या घटनेतली दुरुस्ती, निवडणुकीचे वाद, जमीन विकायची परवानगी, हिशेब, ही कामं बारमाही असतात. पहिली तीन-चार वर्षं ओढाताण होईल, ते गृहीत धरा. परदेशी देणग्यांचा कायदा 2020 मध्ये कडक झाला : पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत घ्यायचा, प्रशासकीय खर्च 50 ऐवजी 20 टक्क्यांत बसवायचा आणि दुसऱ्या संस्थेला पुढे द्यायचा नाही. मोठ्या संस्थांकडून निधी घेणाऱ्या तालुक्यातल्या लहान संस्थांची त्यात कोंडी झाली. हा कायदा समजून सांगणारं माणूस त्यांना जवळ हवंय.

आता भीतीचं. तुमच्याच जिल्ह्यात, माजलगावला, 2020 च्या सुरुवातीला नागरिकत्व कायद्याविरुद्ध शांततेनं धरणं धरायला परवानगी नाकारली गेली. पोलीस कायद्याच्या कलम 37 खालचा जमावबंदीचा आदेश पुढे केला होता. प्रकरण औरंगाबाद खंडपीठात गेलं. फेब्रुवारीत खंडपीठानं तो आदेश रद्द केला आणि एखाद्या कायद्याला विरोध करतात एवढ्यावरून कोणाला देशद्रोही म्हणता येत नाही, असं स्पष्ट सांगितलं. कुणीतरी वकिलानं तो आदेश नीट वाचला, म्हणून हे झालं. हा निकाल मुलीला मिळवून वाचायला द्या.

पण धोका नाहीच असं मी म्हणणार नाही. माहिती अधिकारात जमिनींची प्रकरणं बाहेर काढणाऱ्या सतीश शेट्टींचा 2010 मध्ये तळेगावात खून झाला. जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा 2014 मध्ये संसदेनं केला, तो अंमलातच आणला नाही. याची मला चीड आहे. म्हणूनच सांगतो, सुरुवातीची वर्षं एकटीनं काम करायचं नाही. चांगल्या सीनियरचं ऑफिस धरायचं.

प्रवेशासाठी पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची राज्याची लॉ सीईटी आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा क्लॅट, दोन्ही द्याव्यात. क्लॅटमधून छत्रपती संभाजीनगरचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ मिळालं तर उत्तमच. फी जड जाते, पण बेताच्या परिस्थितीतल्या मुलांना तयारीपासून मदत करणारी 'आयडिया' नावाची संस्था आहे, तिथे चौकशी करा. नाही मिळालं तर लातूरचं दयानंद विधी महाविद्यालय घराजवळ आहे. पदवीनंतर वकिलीची सनद घ्यायला हजारो रुपये लागतात असं कोणी सांगेल. सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये नोंदणी शुल्काला 750 रुपयांची मर्यादा घातली आहे, अनुसूचित जाती-जमातींना 125.

कॉलेजच्या नावापेक्षा मी तिच्या लिहिण्याकडे बघेन. बेकायदेशीर संघटनांवर कारवाईसाठी राज्य सरकारनं आणलेल्या जनसुरक्षा विधेयकावर विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे 12 हजारांवर सूचना-हरकती आल्या होत्या. नुसता निषेध लिहिणं सोपं असतं. 'बेकायदेशीर कृत्या'च्या व्याख्येतला कोणता शब्द सैल आहे आणि त्याजागी कोणता हवा, हे लिहायला कस लागतो. त्या विधेयकाचा मराठी मसुदा घेऊन एका कलमावर तिला पानभर लिहू द्या. इंग्रजीही रोज वाचायला हवं, उच्च न्यायालयाचं काम त्याच भाषेत चालतं. आणि ताळेबंद वाचायला शिकू दे, कला शाखेची मुलं तिथे अडतात.

तुमच्या अर्जाच्या पुढच्या तारखेला तिला सोबत न्या. मृत्यूचा दाखला, सभेची नोटीस, ठराव आणि शेड्यूल वनचा उतारा ही फाइल तिनं स्वतः लावावी, आणि त्या दिवशी रोजनाम्यात, म्हणजे कामकाजाच्या नोंदीत, काय लिहिलं गेलं ते तिनंच वाचून तुम्हाला सांगावं.