महागडे फोन दरवर्षी आणखी महाग का होतात, आणि लोक तरी ते घेतात कसे?

मुख्य कारण डॉलर: चिप, कॅमेरा, स्क्रीन यांचे पैसे डॉलरमध्ये मोजावे लागतात आणि रुपया घसरत आलाय. 2017 मध्ये डॉलर 65 रुपयांच्या आसपास होता, 2025 मध्ये 85 च्या पुढे गेला. त्यात 1 एप्रिल 2020 पासून मोबाइलवरचा जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला. मी मोबाइलच्या दुकानात काउंटर सांभाळतो. पूर्ण रक्कम एकदम भरणारं गिऱ्हाईक क्वचितच येतं. बाकीचे जुना फोन एक्स्चेंजला देऊन उरलेल्याचे हप्ते पाडून घेतात, नाहीतर नवं मॉडेल आल्यावर गेल्या वर्षीचं उचलतात. मला हा शेवटचा मार्गच सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. क्रेडिट कार्डावरच्या ‘नो कॉस्ट’, म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यातही बहुधा प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा 18 टक्के जीएसटी लागतो. सही करण्याआधी तेवढं नक्की विचारा. मात्र किंमत दरवेळी चढतेच असं नाही. जुलै 2024 मध्ये मोबाइलवरचं आयात शुल्क 20 वरून 15 टक्क्यांवर आलं आणि त्याच वर्षीचा आयफोन 16 प्रो 1,19,900 रुपयांना निघाला. आदल्या वर्षी 15 प्रो 1,34,900 ला आला होता.