पारदर्शक फ्लुरोसंट पडदा: फिल्म निवडण्याआधी प्रकाशाचा हिशोब करा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: प्रदर्शनातल्या एका काचेवर साधारण एक चौरस मीटरची पारदर्शक फ्लुरोसंट फिल्म चिकटवायची, हाताशी असलेला डीएलपी प्रोजेक्टर (चिपवरच्या बारीक हलत्या आरशांनी चित्र बनवणारा) तिच्यावर रोखायचा आणि काचेमागची वस्तू दिसत असतानाच काचेवर नावं, बाण, रेखाचित्रं उमटवायची. हे जमेल का, दिवसा दिसेल का, डोळ्यांना त्रास होईल का?

आहे त्या प्रोजेक्टरवर जमणार नाही. दिवसा दिसेल का, ते खोलीतल्या उजेडावर आणि काचेमागे काय आहे त्यावर ठरेल. डोळ्यांचा मुद्दा मात्र तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच गंभीर आहे.

आधी प्रोजेक्टर. साधा पडदा प्रोजेक्टरचा प्रकाश प्रेक्षकाकडे परत पाठवतो. ही फिल्म तसं करत नाही. तिच्यातले रेणू जांभळा किंवा अतिनील प्रकाश शोषतात आणि त्याहून जास्त तरंगलांबीचा, डोळ्याला नीट दिसणारा प्रकाश स्वतः बाहेर टाकतात. १८५२मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी हेच दाखवलं: सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात जांभळ्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे ठेवलेलं क्विनीनचं द्रावण निळं उजळलं. ट्यूबलाइटही याच तत्त्वावर चालते. आत पाऱ्याच्या वाफेतून २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश निघतो आणि नळीच्या आतला पांढरा लेप त्याचा दृश्य प्रकाश करतो.

आता अडचण बघा. फिल्म रंगहीन दिसायची तर तिने दृश्य प्रकाश शोषायलाच नको. तुमचा प्रोजेक्टर तर फक्त दृश्य प्रकाश देतो. त्याचा निळा साधारण ४३० ते ४५० नॅनोमीटरच्या दरम्यान सुरू होतो आणि त्याखालचं सगळं आत गाळलेलं असतं. म्हणजे फिल्म जितकी अस्सल पारदर्शक, तितका तुमच्या प्रोजेक्टरचा प्रकाश तिच्या आरपार जाऊन मागच्या वस्तूवर पडणार. ४५० नॅनोमीटर शोषणारी द्रव्यं आहेत, नाही असं नाही, पण ती काचेला पिवळी झाक देतात. (गंमत म्हणजे बहुतेक लेसर प्रोजेक्टरच्या पोटात हाच खेळ चालू असतो: निळा लेसर फॉस्फरच्या, म्हणजे प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश देणाऱ्या पदार्थाच्या, फिरत्या चकतीवर पडतो आणि तिच्यापासून पिवळा प्रकाश मिळतो.)

जुन्या पाऱ्याच्या दिव्याच्या प्रोजेक्टरमधली यूव्ही (अतिनील प्रकाश) अडवणारी काच काढून टाका, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. त्या दिव्यात ३६५ आणि ४०५ नॅनोमीटरच्या रेषा असतात हे खरं आहे. तरीही हे करू नका. एलसीडी प्रोजेक्टर असेल तर त्यातले ध्रुवक आणि पॅनेल या प्रकाशाने लवकर खराब होतात, भिंगं चिकटवलेला गोंद पिवळा पडतो, आणि ३६५चा बराच भाग भिंगांच्या काचेतच अडतो. शिवाय तो दिवा चालू असताना आत प्रचंड दाब असतो. उघड्या प्रोजेक्टरजवळ तोंड नेण्याची ती जागा नव्हे.

लागतो तो ४०५ नॅनोमीटरचा स्रोत. ही तरंगलांबी ब्लू-रे प्लेयरमुळे सर्वत्र झाली. त्यासाठी बनलेले लेसर डायोड आज सहज मिळतात. ते वापरायच्या दोन वाटा आहेत: ४०५ला चालणारी खास डीएलपी चिप असलेला प्रोजेक्टर, किंवा दोन हलत्या आरशांनी लेसरचा ठिपका फिरवून रेघा काढणारा स्कॅनर. यातलं काय घ्यायचं हे हिशोबावरून ठरतं, म्हणून तो इथे मांडतो. आकडे ढोबळ आहेत, पण प्रमाण कळायला पुरेसे.

समजा फिल्मवर १० वॉट जांभळा प्रकाश पडला. चांगल्या फिल्मने त्यातला ८० टक्के शोषला असं धरू, आणि शोषलेल्या दर शंभर फोटॉनमागे ८० फोटॉन बाहेर आले असं धरू. ४०५चा ५२० नॅनोमीटर हिरवा होताना प्रत्येक फोटॉनची सुमारे २२ टक्के ऊर्जा उष्णतेत जाते. हातात उरला ५ वॉट हिरवा प्रकाश. इथपर्यंत सगळं छान दिसतं आणि जाहिरातीतले आकडेही इथेच थांबतात.

खरी गळती पुढे आहे. हा प्रकाश काचेच्या आत, सगळ्या दिशांना जन्मतो. काचेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) दीडच्या आसपास असल्यामुळे तिरका जाणारा प्रकाश पृष्ठभागावरून आतच परतत राहतो. गणित केलं तर जवळजवळ ७५ टक्के प्रकाश असा अडकतो आणि घरंगळत काचेच्या कडांना जाऊन बाहेर पडतो. कडा झगमगताना दिसतात त्या यामुळेच. सौर ऊर्जेवर काम करणाऱ्यांनी याच अडकण्याचा उपयोग करून काचेच्या कडेला सौरघट लावायचे प्रयोग केले आहेत. आपल्याला मात्र तो तोटाच. उरलेल्या २५ टक्क्यांतला निम्मा पुढे, निम्मा मागे. म्हणजे प्रेक्षकाकडे आला ०.६ वॉट, साधारण २८० ल्यूमेन (ल्यूमेन म्हणजे डोळ्याला जाणवणाऱ्या प्रकाशाचं एकक). तो एक चौरस मीटरवर पसरला की उजळपणा येतो ९० निट्सच्या आसपास (निट हे पृष्ठभागाच्या उजळपणाचं एकक).

९० निट्स म्हणजे किती? घरातला साधा टीव्ही ३०० निट्सच्या आसपास असतो. ५०० लक्स (लक्स म्हणजे जागेवर पडणाऱ्या उजेडाचं एकक) उजेडाच्या खोलीतली पांढरी भिंतच १२५ निट्सची असते. तुमच्या काचेमागे अशी भिंत असेल तर चित्र भिंतीपेक्षाही मंद. काचेमागे उन्हातलं अंगण असेल तर विषयच संपला, कारण तिथला उजळपणा हजारांत जातो.

पण हा हिशोब पूर्ण पडदा उजळण्याचा आहे आणि तुम्हाला तर फक्त नावं आणि रेघा हव्यात. म्हणून स्कॅनर. डीएलपीमध्ये चित्राचा जो भाग काळा असतो त्याच्या वाट्याचा प्रकाश आतल्या आत फेकून दिला जातो. दहा टक्के जागेवरच रेघा असतील तर नव्वद टक्के प्रकाश वाया. स्कॅनर सगळा लेसर रेघांवरच फिरवतो, त्यामुळे तेवढ्याच वॉटमध्ये त्याच रेघा ९० ऐवजी ९०० निट्सपर्यंत जाऊ शकतात. मर्यादा एकच, रेघा फार झाल्या की एक फेरी पूर्ण व्हायला वेळ लागतो आणि चित्र लुकलुकतं. बाण, बाह्यरेषा आणि चार-पाच शब्दांची नावं एवढ्यात भागत असेल तर माझं मत ठामपणे स्कॅनरच्या बाजूने आहे.

२०१०मध्ये जनरल मोटर्सने गाडीच्या पुढच्या काचेचा जो प्रयोग दाखवला तोही याच धर्तीचा होता. काचेवर पारदर्शक फॉस्फरचा लेप, त्यावर अतिनील लेसर, आणि धुक्यात रस्त्याची कड काचेवर रेखून दाखवायची. नेहमीच्या हेड-अप डिस्प्लेमध्ये एका छोट्या चौकटीत परावर्तित चित्र दिसतं. इथे पूर्ण काच वापरता येते आणि ती कुठल्याही सीटवरून दिसते. मात्र चित्र काचेवरच असतं, दूरवर तरंगत नाही, त्यामुळे रस्त्याच्या कडेवर रेघ नेमकी बसवायला चालकाचे डोळे कुठे आहेत हे कॅमेऱ्याने सतत पाहावं लागतं. तुमच्या प्रदर्शनातही हीच गोष्ट आडवी येईल. वस्तू काचेपासून अर्धा मीटर मागे असेल तर बाण एका प्रेक्षकाला नेमका वाटेल आणि शेजारच्याला सरकलेला. वस्तू काचेला जितकी चिकटून ठेवाल तितकं बरं. अक्षरं मागच्या बाजूनेही तेवढीच उजळ दिसतील, पण उलटी, म्हणजे वाचणारे एकाच बाजूला हवेत.

या पडद्याला काळा रंग दाखवता येत नाही. काळं म्हणजे तिथून मागचं दिसणार. फोटो दाखवायचा मोह टाळा, जाड रेघा आणि जाड अक्षरं ठेवा. एक युक्ती खूप उपयोगी पडते. प्रक्षेपण पुढून करा आणि फिल्मच्या मागे करडी काच लावा. ती मागच्या दृश्याचा उजेड कमी करते, तुमच्या रेघांचा पुढे येणारा प्रकाश मात्र तसाच राहतो. प्रक्षेपण मागून करणार असाल तर हे करता येत नाही, तीच करडी काच लेसरलाही अडवेल. लॅमिनेटेड काचेचंही लक्षात ठेवा: तिच्यातला प्लास्टिकचा थर सहसा ३८० नॅनोमीटरखालचं जवळजवळ सगळं गिळतो. ३६५चा स्रोत तिच्यातून जाणारच नाही, ४०५ जाईल.

रंगांबद्दल: एकच रंग घ्या. तीन रंगांसाठी तीन थर, प्रत्येकाची शोषणाची तरंगलांबी वेगळी आणि त्यानुसार वेगवेगळे स्रोत लागतात. शोषणाचे पट्टे एकमेकांवर चढले की रंग मिसळतात. प्रयोगशाळेत हे होतं, पण पहिल्याच प्रदर्शनात त्यात पडू नका. हिरवा घेतलात तर डोळ्याच्या संवेदनेचा फायदा मिळतो, माझा हिशोबही हिरव्याचाच आहे. युरोपियम या धातूच्या संयुगांचा ६१५ नॅनोमीटरजवळचा लाल दिसायला देखणा असतो, पण तेवढ्याच जांभळ्या प्रकाशात तो बराच मंद भासतो.

आता डोळे. ४०५ नॅनोमीटरला आपली नजर जवळजवळ आंधळी आहे. या तरंगलांबीचा १ वॉट प्रकाश डोळ्याला अर्ध्या ल्यूमेनहूनही कमी वाटतो, तर ५५५ नॅनोमीटर हिरव्याचा १ वॉट म्हणजे ६८३ ल्यूमेन. त्यामुळे हा लेसर मंद, निरुपद्रवी दिसतो, पापणी मिटण्याची प्रतिक्रिया होत नाही, आणि ऊर्जा मात्र आत जातच राहते. लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग मोठ्यांच्या मानाने हा प्रकाश जास्त आत सोडतं, आणि प्रदर्शनात मुलं येणारच. अर्ध्या वॉटच्या वरचा सलग लेसर सुरक्षेच्या वर्गवारीतल्या सगळ्यात घातक वर्ग ४मध्ये मोडतो, म्हणजे थेट किरणच काय, परावर्तित किरणही घातक. फिल्मने ८० टक्के शोषला तरी २० टक्के आरपार जातो. १० वॉटमधले ते २ वॉट कुठे पडतात हे तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे.

म्हणून या गोष्टींना पर्याय नाही: किरण डोक्यावरून, उंचावरून तिरका यावा, म्हणजे त्याच्या वाटेत कुणाचा चेहरा येणार नाही. यात या फिल्मचा एक मोठा गुण कामी येतो, तिरक्या प्रक्षेपणानेही चित्र सगळ्या बाजूंनी सारखंच दिसतं. प्रोजेक्टरचा प्रकाश नुसता पसरवणाऱ्या, म्हणजे विखुरणाऱ्या फिल्मसारखा मधोमध डोळे दिपवणारा ठिपका येत नाही. फिल्मच्या मागे ४२० नॅनोमीटरखालचं अडवणारा थर हवा. स्कॅनरचे आरसे अडकले तर लेसर आपोआप बंद करणारी सर्किट हवी, कारण थांबलेला ठिपका हाच सगळ्यात वाईट प्रसंग. आणि पूर्ण मांडणी लेसर सुरक्षेचं काम करणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. लेसरबरोबर फुकट येणारा चष्मा खिशातच ठेवा. ४०५ नॅनोमीटरसाठी किती घनतेचा आहे, म्हणजे तो प्रकाश किती अडवतो, हे ज्यावर छापलेलं असेल तोच घाला. प्रेक्षकांचे पांढरे शर्ट निळसर चमकायला लागले तर उरलेला जांभळा प्रकाश त्यांच्यापर्यंत पोहोचतोय असं समजा. कपड्यांच्या साबणातली उजळद्रव्यंही फ्लुरोसंटच असतात.

फिल्मच्या आयुष्याबद्दल विक्रेते फारसं बोलत नाहीत. सेंद्रिय रंगद्रव्याचे रेणू काचेसारख्या स्वच्छ थरात विरघळतात, पण जांभळ्या प्रकाशाने हळूहळू मरतात. एकच नाव महिनोन्‌महिने एकाच जागी दाखवलंत तर तिथली फिल्म थकते आणि पुढच्या चित्रात त्या नावाची फिकट छाया दिसते. यूव्हीपासून वाचवणारं द्रव्य मिसळावं तर तेच आपला प्रकाश पळवतं. अजैविक फॉस्फर टिकाऊ असतात, पण त्यांच्या कणांचा अपवर्तनांक प्लास्टिकपेक्षा बराच जास्त असल्याने काच धुरकट दिसते. कण नॅनो आकाराचे केले की धूसरपणा जातो आणि बरेचदा त्यासोबत चमकही. तेव्हा मजकूर अधूनमधून सरकवत ठेवा आणि थेट ऊन टाळा. ऊन दुहेरी नुकसान करतं, फिल्म लवकर थकवतं आणि स्वतःच तिला उजळवून पूर्ण काचेवर फिकट पडदा आणतं.

हे सगळं जड वाटत असेल आणि प्रोजेक्टर तोच ठेवायचा असेल तर विखुरणाऱ्या किंवा होलोग्राफिक फिल्मकडे वळा. थोडा धूसरपणा, ठरावीक कोन आणि मागे भिंतीवर पडणारं दुसरं चित्र एवढं सोसावं लागेल, पण धोका नाही. २०१४मध्ये एमआयटीच्या गटाने चांदीच्या नॅनोकणांनी फक्त एका निळ्या तरंगलांबीला विखुरणारा पडदा दाखवला होता, बाकीचा प्रकाश त्यातून जवळजवळ सरळ जात होता. तत्त्व सुंदर आहे, पण त्यालाही ती नेमकी तरंगलांबी देणारा लेसरच लागतो.

फ्लुरोसंटच हवी असेल तर पूर्ण फिल्म मागवण्याआधी हातभर नमुना मागवा. तो तुमच्याच खोलीत, तुमच्याच उजेडात लावून बघा. मागे काळं कापड धरून उन्हात न्या, आपोआप किती उजळते ते कळेल. बाजूने दिवा मारून धूसरपणा बघा, पांढऱ्या कागदावर ठेवून पिवळी झाक बघा. विक्रेत्याला तीनच गोष्टी विचारा: शोषणाची तरंगलांबी, त्या तरंगलांबीला किती टक्के शोषते, आणि किती तासांच्या कोणत्या तीव्रतेच्या प्रकाशानंतर चमक निम्मी होते. तिसऱ्या प्रश्नाला आकडा मिळाला नाही तर दुसरा विक्रेता शोधा. खोलीतला उजेड लक्समध्ये मोजून, काचेमागची वस्तू किती अंतरावर आहे आणि एका वेळी किती रेघा दाखवायच्या आहेत ते इथे लिहिलंत, तर किती वॉट लागतील ते मी काढून देतो.