ग्रीसमध्ये २८ ऑक्टोबरला सुट्टी कशाची असते?

‘ओही’ दिवसाची. ग्रीक भाषेत ओही म्हणजे ‘नाही’.

२८ ऑक्टोबर १९४०, पहाटे तीनचा सुमार. इटलीचा राजदूत ग्रात्सी अथेन्सजवळ किफिसियाला पंतप्रधान मेताक्सास यांच्या घरी आला. मेताक्सास अंगात गाउन असतानाच खाली आले. हातात पडला मुसोलिनीचा खलिता: आमच्या सैन्याला तुमच्या देशात मोक्याच्या जागा ताब्यात घेऊ द्या. मुदत सकाळी सहापर्यंत. म्हणजे जेमतेम तीन तास!

गंमत अशी की मेताक्सास ‘ओही’ म्हणालेच नाहीत. बोलणं फ्रेंचमध्ये झालं आणि त्यांचं उत्तर होतं, “म्हणजे युद्धच तर.” ‘ओही’ हा शब्द पुढे वर्तमानपत्रांनी आणि लोकांनी उचलला. इटलीने मुदतीचीही वाट पाहिली नाही, साडेपाचलाच अल्बेनियातून हल्ला केला.

पुढे मात्र मुसोलिनीची चांगलीच फजिती झाली. पिंडसच्या डोंगरात गावच्या बायका दारूगोळ्याच्या पेट्या पाठीवर लादून बर्फातून वर चढवत होत्या. ग्रीकांनी इटालियन फौजेला उलट अल्बेनियात रेटलं आणि २२ नोव्हेंबरला कोर्चा शहर घेतलं. एप्रिल १९४१ मध्ये जर्मनी उतरल्यावर देश पडला, ती गोष्ट वेगळी.

मेताक्सास स्वतः १९३६ पासूनचे हुकूमशहा होते, हेही विसरू नका. माझ्या मते म्हणूनच लोक हा दिवस त्यांचा न मानता आपला मानतात.

मोठं लष्करी संचलन थेस्सालोनिकीला होतं. गावोगावी शाळकरी मुलंही संचलन करतात.