नदीकाठचा फ्लॅट, पार्किंगमधून जाणारी लाल रेषा

प्रश्न : मी कुपवाड एमआयडीसीत नोकरी करतो. सांगलीत कृष्णाकाठी, बंद कारखान्याच्या जागेवरच्या स्कीममध्ये ४२ लाखांचा फ्लॅट बुक केला. वरच्या मजल्यांना 'रिव्हर व्ह्यू'चा जादा दर झेपेना, म्हणून पहिला मजला घेतला. साडेसहा लाख भरले, हातात फक्त पावती. माहितीपत्रकात 'पूररेषेबाहेर' छापलंय. मंजूर नकाशात मात्र लाल पूररेषा पार्किंगमधून जाते. बुकिंग रद्द करतो म्हटलं तर बिल्डर दोन लाख कापणार म्हणतो. काय करू?

उत्तर : आधी एक करा : बिल्डरच्या छापील 'रद्द' फॉर्मवर सही करू नका. त्यात 'स्वखुशीने' असं लिहिलेलं असतं आणि पुढे तेच तुमच्याविरुद्ध दाखवलं जातं.

तुमची बाजू भक्कम आहे. रेरा (घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या) कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. तुमच्या बाबतीत ती मर्यादा ४ लाख २० हजार होते. तीच त्याने ओलांडली आहे.

खरा आधार कलम १२ चा. जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले असतील, तर ग्राहकाला बाहेर पडून सगळी रक्कम व्याजासह, शिवाय नुकसानभरपाईही मागता येते. म्हणून ते माहितीपत्रक जिवापाड जपा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं असेल तर चॅट पुसू नका, फोनही विकू नका.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. लाल रेषेच्या आत बांधकाम म्हणजे बेकायदा, असं नाही. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. निळ्या आणि लाल रेषेमधल्या पट्ट्यात लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचीवर परवानगी मिळू शकते. त्यामुळे 'परवानगीच खोटी' असा आरोप आत्ता करू नका. 'पूररेषेबाहेर' हे विधान खोटं, एवढंच धरून ठेवा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं. हे सांगलीत धंदा करणाऱ्या बिल्डरला ठाऊक नव्हतं, हे मला पटत नाही. आणि ज्याला वरचा दर परवडत नाही त्यालाच पाण्याच्या तोंडाशी घर विकायचं, याची मला मनापासून चीड येते.

महापालिकेच्या नगररचना विभागातून मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत आणि पाटबंधारे विभागाकडून पूररेषेचा नकाशा माहिती अधिकारात मागा. मग स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा : पूर्ण रक्कम, व्याज, १५ दिवसांची मुदत. दाद मिळाली नाही तर महारेराकडे (राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे) ऑनलाइन तक्रार करा. फी ५,००० रुपये. व्याज स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (कर्जाच्या आधारभूत व्याजदरापेक्षा) २ टक्के जास्त दराने मागता येतं.

दरम्यान, 'आता करारनामा करून टाकू' असा निरोप येईल. नोटिशीचं लेखी उत्तर मिळेपर्यंत रजिस्ट्रार ऑफिसची पायरी चढू नका, पुढचा हप्ताही भरू नका.