'कोर्स फिशिंग'मधला कोर्स कुठला?

इंग्लंडमध्ये मुलीकडे गेलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरामागच्या छोट्या तळ्यावर 'कोर्स फिशिंग, मिक्स्ड स्टॉक' अशी पाटी आहे. जावई म्हणाले, मासे पकडायचा क्लास असेल. ताईंनी शब्दकोशात पाटीवरचा coarse शोधला तर 'खरबरीत, जाडाभरडा' असा अर्थ निघाला. मग ही खरबरीत मासेमारी म्हणजे काय, आणि मराठीत तिला काय म्हणायचं?

ताई, क्लास नव्हे, जाडाभरडाच. पण मासा हाताला खरबरीत लागतो म्हणून नव्हे. त्या तळ्यात टेंच नावाचा मासा असेल, तर तो इतका बुळबुळीत असतो की ओल्या साबणाची वडी बरी. तिकडे गोड्या पाण्यातल्या माशांत दोन पंक्ती आहेत. साल्मन आणि ट्राउट हे 'गेम', म्हणजे शिकारीत मानाचे आणि ताटातही मानाचे. उरलेले कार्प, टेंच, ब्रीम, रोच, पर्च, पाइक हे सगळे 'कोर्स'. उरलेल्यांना मिळून दिलेलं हे नाव आहे.

याची जोडी आपल्या घरातच सापडते: भरड धान्य. गहू-तांदूळ वगळले की ज्वारी, बाजरी, नाचणी सगळी भरड. आता नाचणीचा दाणा हातात घेऊन बघा, मोहरीएवढा आणि गुळगुळीत! तिथेही 'भरड' हा स्पर्श नाही, पायरी आहे. भरड धान्याचं पुढे सरकारी 'श्री अन्न' झालं, तसा तिकडचा कार्पही आता चांगलाच वधारलाय. एका मोठ्या कार्पसाठी माणसं तळ्याकाठी तंबू ठोकून रात्र काढतात.

जावईही अगदीच चुकले नाहीत हं. खरबरीतवाला कोर्स (coarse) पूर्वी अभ्यासक्रमवाल्या कोर्ससारखाच (course) लिहीत, आणि 'नेहमीच्या रीतीतलं, साधं' या अर्थाने तो त्यातूनच फुटला असावा, असं व्युत्पत्तिकारांचं मत आहे.

मग 'भरड मासेमारी' म्हणावं का? मला नाही रुचत. ऐकणाऱ्याला मासे जात्यावर घातल्यासारखं वाटेल. शिवाय 'मासेमारी'तली 'मारी'ही इथे आड येते, कारण या तळ्यांवर मारत कुणीच नाही. मी पाहिलेल्या एका आजोबांनी हात आधी पाण्यात बुडवले, कार्प ओल्या गादीवर आडवा घेतला, उलटा काटा नसलेला गळ चिमट्याने अलगद काढला आणि मासा पाण्यात धरून ठेवला. तो शेपूट हलवून आपला आपण गेला. आमिष काय, तर डब्यातला मक्याचा दाणा. माझ्यातला खवय्या कळवळला, पण रीत तशी आहे.

म्हणून बोलताना सरळ 'गळ टाकायला जातात' म्हणा. लेखात नेमकेपणा हवा असेल तर 'साल्मन-ट्राउट सोडून गोड्या पाण्यातले मासे गळाने धरण्याचा छंद' असं एकदा सांगून पुढे 'कोर्स फिशिंग'च ठेवा.

'मिक्स्ड स्टॉक'ला मात्र मराठी तयार आहे. आपल्याकडे शेततळ्यात कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, एकत्र सोडतात, त्याला मिश्र मत्स्यपालन म्हणतात. ते खाण्यासाठी आणि हे खेळासाठी, म्हणून इथे 'पालन' गाळून 'मिश्र मासे सोडलेलं तळं' म्हणावं. गंमत बघा, तळ्यात मासे 'सोडले' आणि धरलेला मासा 'सोडला', दोन्हीकडे आपलं क्रियापद एकच.

आणि नातवाने तिकडे न्यायची गळ घातलीच, तर आधी त्याचं वय मोजा. इंग्लंडमध्ये १३ पूर्ण झाले की गळ टाकायला परवाना लागतो. १३ ते १६ या वयात (सतरावा वाढदिवस होईपर्यंत) तो फुकट मिळतो, पण काढावा लागतोच.