कंबरेतून पायात कळ जाते, पुण्यात थेट न्यूरोसर्जनकडे जाऊ का?

रोज दुचाकीने हिंजवडी गाठता आणि कंबरेतून पोटरीपर्यंत कळ जाते, एवढ्यावर घाई नको. मणक्यातली चकती सरकून नस दाबली गेली तरी बहुतेकांना 6 ते 12 आठवड्यांत ऑपरेशनशिवाय आराम पडतो. आधी फॅमिली डॉक्टर किंवा ऑर्थोपेडिकना दाखवा.

पण चालताना चप्पल नकळत निसटू लागली, पंजा वर उचलेना, तर लगेच न्यूरोसर्जन, म्हणजे मेंदू-मणक्याचे सर्जन, गाठा. आणि लघवी अडली किंवा गाडीच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, तर अपॉइंटमेंट वगैरे काही नको, त्याच रात्री इमर्जन्सीत जा. परवडत नसेल तर सरकारी ससून रुग्णालय आहेच. अशा वेळी उशीर झाला तर नस कायमची निकामी होऊ शकते, म्हणून इतकं कळकळीने सांगतोय.

हाच प्रश्न डोकेदुखीतही पडतो; तर अर्धशिशीसाठी न्यूरोलॉजिस्ट, म्हणजे ऑपरेशन न करता मेंदू-नसांचे आजार बघणारे डॉक्टर, सर्जन नव्हे. मात्र क्षणात भडकलेली, आयुष्यात कधी न झालेली डोकेदुखी म्हणजे थेट इमर्जन्सीच.